सिल्वासाचा किल्ला

वापी स्थानकावर उतरून पूर्वेकडे सुमारे १८ किलोमीटर गेले की सिल्वासा येते. बडोद्याच्या मराठी माणसाला हा प्रवास घरातल्या एका खोलीतून दुसरीत जाण्यासारखाच. गाडीत गुजराती, रिक्षात हिंदी आणि मुक्कामी पोहोचल्यावर दारात मराठी. पाट्यांवर या गावाचे नाव ‘सेलवास’ असेही वाचायला मिळते. गेल्या दिवाळीत मी कन्येकडे गेले, तेव्हा माझ्या पिशवीत फराळाच्या डब्यांखाली पत्र्याचा एक जुना डबा होता. जुन्या धोतराच्या चिंध्यांत गुंडाळलेली मातीची चित्रे त्यात होती. सिंहासनावरचे शिवाजीमहाराज, दोन भालदार, नऊ मावळे, डोक्यावर घागर घेतलेली गवळण आणि कान तुटलेला एक वाघ. यजमानांनी ती चाळीस वर्षे जपली. रंग उडाला की स्वतःच्या हाताने पुन्हा दिला. ते गेल्यानंतरची ही दुसरी दिवाळी. किल्ला आता नातवाने करावा, एवढीच माझी इच्छा होती.

सिल्वासा हे आज कारखान्यांचे गाव आहे. गावाजवळून दमणगंगा वाहते, आणि थोडे बाहेर पडले की वारली पाड्यांतली कुडाची घरे दिसू लागतात. या मुलखाचा आणि मराठेशाहीचा संबंध मात्र फार जुना. मराठी आरमाराने १७७२ मध्ये ‘सांताना’ हे पोर्तुगीज जहाज काबीज केले. पुढे १७७९ मध्ये पेशव्यांशी तह झाला आणि भरपाई म्हणून १७८३ मध्ये नगरहवेलीच्या गावांचा महसूल पोर्तुगीजांना मिळाला. दादरा त्यांनी १७८५ मध्ये विकत घेतला. महसुलाचे मालक हळूहळू राज्याचे मालक झाले. तो अंमल संपला १९५४ साली. २२ जुलैला दादरा मुक्त झाला, २८ जुलैला नरोली आणि २ ऑगस्टला सिल्वासा. या लढ्यात महाराष्ट्रातून आलेले अनेक तरुण होते. सुधीर फडके त्यांत होते, पुढे शिवशाहीर म्हणून घरोघरी पोहोचलेले बाबासाहेब पुरंदरेही होते.

हे सारे नातवाला सांगायचे असे गाडीत बसल्या बसल्या मी ठरवले होते. घरी पोहोचले तो ओसरीवर निराळेच सैन्य उभे! एका फळीवर बोटाच्या दोन पेरांएवढे चाळीसेक सैनिक मांडलेले. अंगात अवजड चिलखत, खांद्यावर कधी न पाहिलेल्या बंदुका, आणि समोर यंत्रमानवांची फौज. शेजारी कोसळलेल्या कारखान्याचे अवशेष. तेही घरीच केलेले.

“आजी, हे चाळीस हजार सालानंतरचं युद्ध आहे,” नातू म्हणाला. तो चौदा वर्षांचा आहे. त्याचा मामा इंग्लंडमध्ये असतो, तो हे खोके पाठवतो. हा खेळ तिकडे १९८७ मध्ये निघाला. सैनिक सुटे भाग जोडून करायचे, स्वतः रंगवायचे आणि मग टेबलावर फूटपट्टीने अंतर मोजत, फासे टाकत लढाई खेळायची.

मी काही बोलले नाही. पत्र्याचा डबा मात्र त्या दिवशी पिशवीतून बाहेर काढला नाही.

रात्री जावई म्हणाले, “आई, हे खेळणं परकं वाटतं खरं, पण आमच्या कारखान्यात बाटल्यांची झाकणं होतात, त्याच रीतीनं हे सैनिक होतात. वितळलेलं प्लास्टिक दाबानं साच्यात जातं. प्रत्येक तुकड्यापर्यंत ते ज्या वाटांनी पोहोचतं, त्यांचीच ही चौकट उरते.” करड्या रंगाची ती चौकट त्यांनी मला दाखवली. हात, पाय, डोकी तिला कैऱ्या लगडाव्यात तशी लगडली होती.

दुसऱ्या दिवशी मी नातवाजवळ बसून रंगकाम पाहिले. आधी साऱ्या अंगाला एक सपाट थर. तो वाळला की मूळ रंग. मग पाण्यासारखा पातळ गडद रंग सोडायचा; तो खाचांत उतरतो आणि सावली आपोआप पडते. शेवटी कुंचला कापडावर पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा, म्हणजे कडा उजळतात. वाळलेल्या पानांचा सडा म्हणून त्याने चहाचा चोथा सुकवून वापरला होता, खडक म्हणून थर्मोकोल. यजमान गोणपाट चिखलात भिजवून दगडांवर पसरत आणि त्याचे डोंगर करीत, अळीव आणि मोहरी पेरून रान उगवत. हात निराळा, पण रीत तीच होती.

एच. जी. वेल्स हे नाव वाचकांच्या परिचयाचे असेल. मंगळावरून आलेल्या शत्रूची कादंबरी लिहिणाऱ्या या लेखकानेच १९१३ मध्ये खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम सांगणारे पुस्तक लिहिले. म्हणजे विज्ञानकथा आणि टेबलावरचे युद्ध ही एकाच घरची भावंडे म्हणायची. त्या पुस्तकाच्या शेवटी वेल्स सांगतो की हे छोटे युद्ध तीन-चार वेळा खेळून पाहावे, म्हणजे खरे युद्ध केवढी मोठी चूक आहे ते कळते. पुढच्याच वर्षी युरोपात महायुद्ध पेटले.

त्या संध्याकाळी मी नातवाला १९५४ ची हकीकत सांगितली. दादऱ्याच्या चौकीतला पोर्तुगीज पोलीस अधिकारी त्या रात्री मारला गेला, हेही सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “माझ्या खेळात मेलेले सैनिक खोक्यात परत जातात.” एवढे बोलून त्याने विचारले, “आजोबांचे मावळे तू आणले आहेस ना? आई म्हणाली.”

मी डबा उघडला. त्याने एकेक मावळा दिव्याजवळ धरून पाहिला आणि म्हणाला, “रंग फार उडालाय. नव्यानं देऊ?”

माझ्या घशाशी आवंढा आला. त्या पागोट्यांवरचा तांबडा रंग हे त्यांच्या हाताचे शेवटचे काम होते. त्यावर दुसरा रंग चढला की खाली काय उरले ते कुणाला दिसणार? मी नुसते “नको” म्हटले. कारण सांगितले नाही. ते त्याला कसे उमगले कोण जाणे. थोड्या वेळाने तो म्हणाला, “मग रंग नको. वरून पारदर्शक लेप देतो. आहे तो रंग तरी टिकेल. आणि वाघाचा कान करू का?” वाघाच्या कानाला माझी हरकत नव्हती.

किल्ला साल्हेरचा करायचे ठरले. तो आम्हाला त्यातल्या त्यात जवळचा. शिवाय २०२५ च्या जुलैत जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांतला एक. १६७२ मध्ये मराठ्यांनी मोगलांना त्याच्या पायथ्याशी उघड्या मैदानात हरवले, म्हणून नातवाला मैदानही हवे होते. शेजारचा त्याचा एक वारली वर्गमित्र मदतीला आला. कारवीच्या कुडाला लिंपतात तसे मातीत शेण कालवून त्याने उतार असे लिंपले की एकही भेग पडली नाही.

यंत्रमानव कुठे ठेवायचे, यावर थोडा वाद झाला. किल्ल्यावर ते नकोत, असे मी स्पष्ट सांगितले. शेवटी ते मैदानाच्या पलीकडे, चहाच्या चोथ्याच्या रानात दडले. महाराज वर, मावळे तटावर आणि गवळण नेहमीप्रमाणे पायवाटेवर. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पणत्या लागल्या, तेव्हा लेपामुळे पागोट्यांचा तांबडा रंग ओला असावा तसा चमकत होता.

भाऊबीजेनंतर मी निघाले. नातवाने चित्रे चिंध्यांत नीट गुंडाळून डबा माझ्यापुढे ठेवला. मी तो त्याच्या फळीवर, त्या चिलखती सैनिकांच्या शेजारी, ठेवून दिला. वापीला गाडीत बसताना पिशवी फार हलकी वाटली.