मातीबाईंचा मुक्काम

मातीबाईंना आपण ओळखतो, असं सगळ्यांनाच वाटतं. पायाखालीच तर असतात! पण एकदा पैसे मोजून त्यांना घरी बोलवा, गच्चीत विटांचा वाफा बांधून ‘राहायला या’ म्हणा, म्हणजे खरी ओळख होईल. एरवी खोदकामात, नाल्याच्या काठाला, रस्त्याकडेला बाई बेवारस पडलेल्या असतात. तुमच्याकडे यायचं म्हटलं की मात्र टेम्पो लागतो, हमाल लागतो आणि नेमकी लिफ्ट बंद असली तर मजल्यागणिक हमाली चढत जाते.

मापाच्या बाबतीत बाई जुन्या वळणाच्या. त्यांचा हिशोब ब्रासचा. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास, वाळू-मुरमाला जो तोच यांना. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, फूटभर खोल वाफ्याला 18 घनफूट माती लागते. एवढ्याशा कामाला ट्रॅक्टरवाला फिरकत नाही. गोणीने घ्यावी, तर कुठली गोणी केवढी हे नर्सरीवाल्यालाच ठाऊक, आणि गोणी तोलून देण्याचा रिवाज नाही.

बाईंची घराणी दोन. देशावरची काळी ही बेसाल्ट खडकाची लेक. कापूस आणि ज्वारी पोसण्यात हयात गेली, त्याचा ताठा अंगात भिनलेला. पावसात फुगायचं, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडून फुरंगटायचं. शेतात हे खपतं. वरची माती त्या भेगांत पडून खाली जाते आणि रान थोडंफार आपलं आपणच नांगरलं जातं. वाफ्यात मात्र ती चार दिवस पाणी चुकलं की अंग आखडून विटांपासून दूर सरकते. मग ओतलेलं पाणी कडेच्या फटीतून थेट खालच्या मजल्यावाल्यांच्या छताला, आणि मधला ढेकूळ ठणठणीत कोरडा. पावसाळ्यात उलट तऱ्हा. पाणी धरून बसते, सोडतच नाही, आणि मिरचीची मुळं गुदमरतात.

लाल देखणी आहे आणि तिला ते माहीत आहे. कोकणातल्या जांभ्याकडची, रंग लोहाचा. नर्सरीतली रोपं तिच्याच गोळ्यात उभी असतात, त्यामुळे बागेत दुसऱ्या कुणाला स्थान नाही असा तिचा समज झालाय. पाण्याला ती अडवत नाही, हा गुण. पण घरात खायला काही नाही: नत्र बेताचं, सेंद्रिय अंश त्याहून बेताचा. शिवाय तिच्या नावावर भलतेच वावरतात. ‘एकदम लाल माती, साहेब’ म्हणून उतरवलेल्या गोणीत मुरूम, विटांचा चुरा आणि गुटख्याच्या पुड्या गुण्यागोविंदाने नांदत असतात.

जाणकार या दोघींच्या नादी न लागता पोयट्याची चौकशी करतात. नदीकाठचा हा समजूतदार नातलग. वाळू, गाळ आणि चिकण यांचा मेळ घालून बसलेला. शहरात तो सहसा भेटत नाही. भेटला, तर त्याचं नाव लावून दुसरंच कुणी आलेलं असतं.

पण बाईंचा खरा विषय आहे वजन, आणि त्याबद्दल त्या चकार शब्द काढत नाहीत. वापरात असलेल्या गच्चीवर चौरस मीटरला साधारण 150 किलो भार धरून आराखडा करावा, असं आपलं भारतीय मानक सांगतं. फूटभर जाडीची ओली माती तेवढ्याच जागेत 500 किलोच्या घरात जाते. म्हणजे बाई एकट्या आल्या असं वाटतं, प्रत्यक्षात चौरस मीटरवर सात-आठ माणसं येऊन बसतात, आणि ती उठतच नाहीत. सोसायटीचे सेक्रेटरी टोमॅटोच्या शत्रुत्वापोटी तक्रार करतात असा गच्चीबागवाल्यांचा समज असतो. या एका बाबतीत सेक्रेटरींचं बरोबर आहे.

यावर शहाण्या लोकांनी काढलेला तोडगा असा, की बाईंना बोलवायचंच थोडं. मुंबईत डॉ. आर. टी. दोशींनी गच्चीत उसाची चिपाडं वापरून भाज्या काढल्या. प्रयोग परिवाराचे श्रीपाद दाभोळकर मूळचे गणिताचे प्राध्यापक. पालापाचोळ्यातून माती घरीच घडवता येते, हे त्यांनी लोकांना करायला शिकवलं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी कँटीनचा ओला कचरा बागेच्या कामी लावला. बाईंना हे अर्थातच आवडत नाही. आपल्यावाचून अडतं, या समजावर तर त्यांचा सगळा तोरा!

कोकोपीटशी त्यांचं पटतं. तो हलका, पाणी धरणारा, पोषणाच्या नावाने शून्य. असा पाहुणा त्यांना चालतो. शेणखत मात्र जुनं, मुरलेलं हवं. ताजं घातलंत की आतून गरम होऊन बाई रोपांची मुळं भाजून काढतात, आणि दोष तुमच्या हाताला येतो.

येताना त्या एकट्या येत नाहीत, हेही सांगून ठेवतो. हुमणीच्या अळ्या, गोगलगायींची अंडी आणि लव्हाळा हा ठरलेला गोतावळा. हुमणी वेचता येते. लव्हाळ्याचं पातं उपटावं, तर खालची गाठ जागच्या जागी राहते आणि आठवड्यात नवं पातं वर येऊन तुमच्याकडे बघतं. मेथी पेरणाऱ्याने पहिला महिना लव्हाळ्याचाच आहे असं धरून चालावं.

आणि भूक! काठोकाठ भरलेला वाफा पहिल्या पावसाळ्यानंतर चार बोटं खाली गेलेला दिसतो. माती कुणी चोरलेली नसते. पाचोळा कुजतो, पोकळ्या बसतात, बाई आरामात टेकतात आणि नव्या भरणीची वाट बघतात. ही भरणी दर वर्षी द्यावीच लागते. तीही विकतची कशाला, चाळलेलं कंपोस्ट त्या बिनतक्रार घेतात.

तेव्हा बोलवायचंच असेल तर वाफ्याचा खालचा अर्धा भाग आधी चिपाडं आणि वाळल्या पाचोळ्याने भरा. गोण्या आल्या की दारातच एक उघडायला लावा. मूठभर माती ओली करून लाडू वळा. वळलाच नाही तर वाळू-मुरूम आहे. वळला आणि अंगठ्याने दाबूनही फुटला नाही तर चिकण आहे. वळून हलक्या दाबाने फुटला तर घ्या. आणि टेम्पोवाल्याचे पैसे त्यानंतरच चुकते करा.