सोनेरी बॅट कशासाठी येते?

भीतिदायक कार्टूनमागच्या मानसशास्त्रावर लिहा, असं संपादकांनी सुचवलं तेव्हा एक प्रकरण माझ्या डोक्यात घोळतच होतं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते. दहावीतल्या मुलाच्या वहीत पानोपानी एकच चित्र होतं : सोनेरी स्केट्स घातलेला, वाकडी बॅट उगारलेला पोरगा. आईवडील हादरले होते. बॅट म्हणजे हिंसा, नाहीतर दडपलेली लैंगिकता, असं त्यांच्या वाचनात आलं होतं.

हा पोरगा सातोशी कोन यांच्या ‘पॅरानोइया एजंट’ या जपानी मालिकेतला. मालिका २००४ची, भाग १३. मारोमी नावाचं गुलाबी कुत्रं रेखाटून नावारूपाला आलेल्या त्सुकिकोला नवं पात्र सुचत नाही आणि कंपनीचा तगादा संपत नाही. अशात एका रात्री हा पोरगा तिच्यावर हल्ला करतो. मग एकेक माणूस त्याच्या तावडीत सापडतो. नीट पाहिलं तर त्यातले बहुतेक जण आधीच कोंडीत असतात, आणि बॅट बसल्यावर सुटल्यासारखे दिसतात. उलगडा अखेरीस होतो. लहानपणी त्सुकिकोच्या हातून पिल्लाचा पट्टा सुटला, ते गाडीखाली आलं, आणि वडिलांच्या धाकाने तिने बॅटवाला हल्लेखोर रचला. दोष बाहेर ढकलणं ही मनाची संरक्षण-यंत्रणा. आम्ही मानसतज्ज्ञ तिला प्रक्षेपण म्हणतो. त्सुकिकोची बॅट सोडवायला येते. हा अर्थ त्या मेलेल्या पिल्लाने दिलेला आहे, प्रतीकांच्या कुठल्याही कोशात तो सापडणार नाही.

या कोशांचा मला मनापासून राग आहे. रोर्शाक चाचणीचंच घ्या. १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत शाईच्या डागांची १० कार्डं असतात : ५ काळी-करडी, २ लाल छटेची, ३ रंगीत. ‘वटवाघूळ दिसलं म्हणजे मनात काळोख,’ असं लोक खुशाल सांगतात. पाचव्या कार्डावर वटवाघूळ किंवा फुलपाखरू दिसणं हे सर्वांत सामान्य उत्तर आहे! आम्ही पाहतो ते वेगळं : डागाचा कुठला भाग पाहिला, आकारामुळे की रंगामुळे, हालचाल दिसली का, आकार डागाशी जुळतो का. चाचणीवर टीका करणाऱ्यांचं एक म्हणणं मला मान्य आहे. नैराश्य ओळखायला ती कच्ची आहे. विचारांतला विस्कळीतपणा मात्र ती चांगला टिपते, आणि ही बाजू मी शेवटपर्यंत लढवीन.

 

दहावीतल्या त्या मुलालाही मी चित्राचा अर्थ न लावता एवढंच विचारलं, “हा बॅटवाला तुझ्याकडे आला तर?” तो म्हणाला, “बॅट लागली की पेपरला बसावं लागणार नाही.” हे, त्याच्या परवानगीने, मी आईवडिलांना सांगितलं. वडिलांनी पुन्हा विचारलं, “पण मॅडम, बॅटचा अर्थ काय?” ते परत आले नाहीत. वर्षानुवर्षं समजावून सांगूनही हा प्रश्न येतो तेव्हा थकायला होतं.

भयावह मालिका आवडणं हे आजाराचं लक्षण नाही. झोप उडाली, जेवण तुटलं, मित्र सुटले, मरणाची भाषा सुरू झाली, तर मात्र तज्ज्ञाकडे जायला वेळ लावू नका. एरवी मुलाशेजारी बसून एक भाग पूर्ण पाहा, आणि त्यातलं कोण त्याला जवळचं वाटतं ते विचारा. उत्तर देताना त्याला मध्येच तोडू नका.