एक उंदीर जास्तीचा

मेकॅनिकलवाले आम्हा बायोटेकवाल्यांना 'उंदीरमारे' म्हणतात. हॉस्टेलवर हे नाव मी दोन वर्षं हसत ऐकलं. यंदाच्या उन्हाळी ट्रेनिंगनंतर मात्र ते जरा लागतं.

काम तसं सोपं. उंदराची प्लीहा जाळीवर घासायची, तांबड्या पेशी फोडून टाकायच्या आणि उरलेल्यांत सीडी४ आणि सीडी८ या दोन जातींच्या टी पेशी किती ते मोजायचं. आता टी पेशी दिसायला सगळ्या सारख्याच, मेसच्या आमटीतल्या डाळीसारख्या (तीही दिसली तर!). म्हणून त्यांना बिल्ले लावतात. बिल्ला म्हणजे अँटिबॉडी, आणि तिला चिकटवलेला चमकणारा रंग. माझ्याकडे सीडी४ साठी एफआयटीसी होता, सीडी८ साठी पीई. फ्लो सायटोमीटरमध्ये पेशी एकामागून एक ४८८ नॅनोमीटरच्या निळ्या लेसरसमोरून जातात. एफआयटीसी हिरवा चमकतो, पीई नारिंगी.

स्क्रीनवर बघतो तर काय, दोन्ही बिल्ले लावलेल्या पेशींचा भला मोठा ढग! अशा पेशी थायमसमध्ये ढिगाने असतात, प्लीहेत अगदी नगण्य. म्हटलं, लागला शोध! रात्री रूमवर वडापावची पार्टीसुद्धा दिली.

सकाळी पीएचडीच्या दादाने एक नजर टाकली. "कंट्रोल कुठायत?"

एफआयटीसीचा उजेड थोडा नारिंगीच्या खिडकीतही सांडतो. किती सांडतो ते कळायला एकेका रंगाची वेगळी ट्यूब लागते. अँटिबॉडी महाग, म्हणून मी शहाण्याने नेमक्या त्याच ट्यूबा वाचवल्या होत्या. उरलेल्या पेशी केव्हाच ब्लीचमध्ये गेल्या होत्या.

"स्लायडर ओढ, ढग खाली येईल," दादा म्हणाला. "उत्तर माहितीच आहे की."

ओढला. आला खाली. चित्र अगदी पुस्तकातल्यासारखं. सेव्हच्या बटणावर बाण नेऊन मी बराच वेळ नुसता बसून राहिलो.

शेवटी मॅडमना जाऊन सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "उत्तर पुस्तकातलंच घ्यायचं होतं, तर उंदीर कशाला मारलास?"

पुढच्या सोमवारी दुसरा उंदीर. या खेपेला बिनरंगाची, नुसती हिरवी आणि नुसती नारिंगी अशा तीन ट्यूबा सगळ्यांत आधी लावल्या. ढग गेला तो गेलाच.

रिपोर्टमध्ये 'वापरलेले प्राणी' असा एक रकाना असतो. त्यात मी दोन लिहिले.