हंगामाआधीचा नकार

१४ जुलै २०२५

आदरणीय साहेब,


चीफ केमिस्टची जागा मी घेत नाही. कंपनीच्या एचआरला तसा ईमेल काल गेला. त्यात मोजून तीन वाक्यं आहेत : प्रस्तावाबद्दल आभार, ही जागा स्वीकारू शकत नाही, येत्या हंगामासाठी शुभेच्छा. त्यांना तेवढं पुरे. तुम्हाला ते पुरणार नाही, कारण माझं नाव मॅनेजमेंटच्या कानावर तुम्ही घातलंत. ज्याच्या शब्दाखातर बोलावणं आलं, त्याला त्याच ईमेलची कॉपी पाठवून मोकळं होणं बरं दिसलं नसतं. फोनच करणार होतो; पण फोनवर तुमचा आवाज आला की माझ्या तोंडून ‘हो साहेब’च निघतं. म्हणून हा कागद.

सबबी हाताशी होत्या. आईचं वय झालंय, मुलगी बारावीला आहे, घराचा वरचा मजला अर्धवट पडलाय. यातलं काहीच खोटं नाही. पण यातल्या कशासाठीही मी नाही म्हणत नाहीये. आणि कारण खरं असलं तरी उसनं असेल, तर पुढचं सगळं बोलणं त्या कारणावरच सुरू होतं. आईचं सांगितलं असतं, तर तुम्ही कॉलनीतलं तळमजल्याचं क्वार्टर मोकळं करून दिलं असतंत. मुलीचं सांगितलं असतं, तर म्हणाला असतात, अरे, अख्ख्या महाराष्ट्रातून लोक पोरं लातूरला शिकायला पाठवतात आणि तू लातूरच्या दारात येऊन नाही म्हणतोस? पगार कमी वाटतो म्हणालो असतो, तर तुम्ही वर भांडून आणखी काही वाढवून आणलं असतंत. आणि मग मी कुठल्या तोंडाने नाही म्हणणार होतो? समोरच्याने अडचण सांगितली की ती सोडवूनच उठायचं, हा तुमचा स्वभाव. म्हणून अडचण सांगत नाही.

पगाराबद्दल उघडच लिहितो. तुम्ही देऊ केलेला आकडा इथल्या पगाराच्या दीडपटीला टेकतो, आणि तुमच्याकडे तो महिन्याच्या महिन्याला हातात पडतो. गेला हंगाम लवकर आटोपला, साखरेचा उताराही पडला, त्यामुळे आमच्याकडचे पगार मागे आहेत. हंगामी पोरांचा रिटेन्शन भत्ता तर त्याहून मागे. बायकोने हिशेब मांडून दाखवला, तो बरोबरच होता. तिला दोन दिवस राग होता. आता नाही, निदान बोलून दाखवत नाही.

खरं कारण साखर शिजते तो पॅनफ्लोअर. तिथे मला तुम्हीच उभं केलंत. मांजरीच्या साखर संस्थेतून शुगर टेक्नॉलॉजी करून आलेला मी, पुस्तकातली शुद्धता आणि ब्रिक्स तोंडपाठ. तुम्ही म्हणालात, आधी पॅनमनच्या मागे उभा राहा. काचेवर नमुना घेऊन दिव्यासमोर धरायचा, दाणा सारखा आलाय की मध्येच फॉल्स ग्रेन झालाय ते बघायचं, पाणी मारून तो विरघळवायचा की पॅन तसाच पुढे न्यायचा हे तिथल्या तिथे ठरवायचं. आता बऱ्याच ठिकाणी पॅन ऑटोमेशनवर आहेत, आमच्याकडेही दोन आहेत, आणि ते वाईट चालतात असं मी म्हणणार नाही. पण रस खराब आला, तोडणीनंतर दोन-तीन दिवस पडून राहिलेला ऊस गव्हाणीत आला, की स्क्रीनसमोरचा पोरगा मलाच हाक मारतो. मला ते आवडतं. साहेब, मला या वयात कामातलं एवढंच आवडतं.

तुमच्याकडची जागा मोठी आहे, पण ती साखर शिजवणाऱ्याची नाही. निम्मा कारखाना डिस्टिलरीसाठी चालतो. बी हेवी मळी किती, सिरप किती इथेनॉलकडे वळवायचं, हे तेल कंपन्यांच्या मागणीवर आणि दिल्लीच्या पत्रकावर ठरतं. २०२३ च्या डिसेंबरात केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला भर हंगामात बंदी घातली, तेव्हा सगळं साखरेकडे फिरवताना पॅनवर जाणता माणूस नव्हता, असं तुम्हीच सांगितलं होतंत. माझी आठवण तुम्हाला तेव्हाच झाली असणार. पण तसा प्रसंग एखादा. बाकीचे दिवस उत्पादन शुल्क, प्रदूषण मंडळ आणि मीटिंगा.

शिवाय उताऱ्याच्या आकड्यावर चीफ केमिस्टची सही. येत्या २०२५-२६ च्या हंगामाची उसाची एफआरपी सव्वादहा टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये. त्यापुढे उताऱ्यातल्या टक्क्याच्या दर दशांशाला ३४ रुपये ६० पैसे. पाच लाख टन गाळप धरलं, तर एका दशांशाचे १ कोटी ७३ लाख होतात. शेतकऱ्याला मिळायचे किंवा न मिळायचे. ती सही ज्याची, त्याने काटा, प्रयोगशाळा आणि स्टॉकचा ताळा यांवरून नजर हलवता कामा नये. मी तिथे असलो तर रात्री दोनला पॅनवर सापडेन आणि सकाळी मीटिंगला झोपाळलेला येईन. तुम्ही मला सांभाळून घ्याल. तेच मला नको आहे.

एवढं ठरल्यावर थांबण्यात अर्थ नव्हता. आमच्या लाइनीत नकाराला मुहूर्त असतो. आत्ता ओव्हरहॉलिंग चालू आहे, माणसं हलू शकतात. दसऱ्याला बॉयलर पेटला आणि मोळी पडली की कुणी आपला केमिस्ट सोडत नाही, आणि सोडलाच तर तो का सुटला हे विचारावं लागतं. हल्लीची पोरं जॉइनिंगची तारीख देऊन फोन बंद करून बसतात. दोष त्यांना तरी किती द्यायचा? नकार कळवणाऱ्या उमेदवारांची नावं काळ्या यादीत टाकणारे कारखानेही आपण पाहिले आहेत. पण तारीख देऊन गप्प बसलेल्या माणसामुळे दुसऱ्या कुणाची तरी जागा अडते, हे कुणी ध्यानात घेत नाही.

तुमचं ऑफर लेटर इथे एमडींना दाखव, डेप्युटीचा चीफ होशील, असा सल्ला मला दोघांनी दिला. तसं केलेले लोक वर गेलेही आहेत. मी पत्र कुणाला दाखवलेलं नाही आणि दाखवणार नाही. तुम्ही माझ्यासाठी टाकलेला शब्द इथे वटवायचा, हे मनाला पटेना.

मॅनेजमेंटने विचारलं, तर बेधडक सांगा की माणूस मी निवडला होता, त्याला साखरच शिजवायची आहे. त्यांना हसू येईल, पण तुमची निवड चुकली असं वाटणार नाही. आणि रिकाम्या हाताने नाही म्हणत नाही. एक माणूस डोळ्यासमोर आहे : डिस्टिलरी आणि साखर, दोन्हीकडे काम केलेला, रेकॉर्डला पक्का, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान. त्याला अजून विचारलेलं नाही, म्हणून नाव कागदावर घालत नाही. तुमचा होकार आला तर विचारतो. त्याचा नोटीस पीरियड दोन महिन्यांचा आहे, तेव्हा या आठवड्यातच कळवा, म्हणजे तो गळीत सुरू व्हायच्या आत रुजू होईल.

वहिनींना नमस्कार.

आपला,
(सही)