गाठ बसेना

खंडेनवमीला बेलरला हार घातला, नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं. पत्र्यावर रंगाचा एक हातही मारला होता. पुढं ऊसतोड सुरू झाल्यावर पहिल्या फडात यंत्र उतरवलं, आणि एकाही गठ्ठ्याला गाठ बसेना. मागून निघणारा गठ्ठा दोन हात सरकायचा आणि पसरायचा. बांधावर तोडकऱ्यांची पोरं खिदळत होती. शेतमालक काही बोलला नाही, ते जास्त लागलं.

आमचं गाव कोल्हापूरजवळ, पंचगंगेच्या काठाला. बेलर मुळात गवत आणि कडब्याचे गठ्ठे बांधणारं यंत्र, पण आमच्याकडं त्याला उसाच्या पाचटात राबावं लागतं. हेक्टरी आठ-दहा टन पाचट पडतं. पूर्वी ते पेटवून द्यायचे आणि खोडव्याला पाणी सोडायचे. आता त्याचे गठ्ठे गुऱ्हाळाच्या चुलवाणाला जातात, नाहीतर कांडी कोळशाच्या कारखान्याला. (सगळं पाचट उचलू नये, निम्मं सरीत कुजू द्यावं, असं माझं स्वतःचं मत आहे. बेलरवाल्यानं ते बोलून दाखवणं धंद्याला परवडत नाही, एवढंच.)

दोष माझाच होता. मागच्या हंगामाच्या शेवटी, उन्हाळ्यात, गाड्या धुतात तिथं बेलर नेऊन मी त्याच्यावर जोरात पाणी मारून घेतलं होतं. वरून चकाचक झाला. पण खाचाकोपऱ्यांतला भुसा भिजून तिथंच घट्ट बसला, पाणी बेअरिंगांत शिरलं, आणि गठ्ठ्याच्या खान्यात राहिलेला अर्धा गठ्ठा तसाच ओला राहिला. वर चार महिने पावसाळा. हार घालताना आत कुणी बघितलं?

कोल्हापूरच्या उद्यमनगरातून मिस्त्री आले. त्यांनी यंत्राला एक चक्कर मारली, गाठ मारणाऱ्या नॉटरवरचं झाकण उचललं आणि पहिलाच प्रश्न टाकला, ‘‘पाणी कुणी मारलं ह्याच्यावर?’’

मी गप्प.

‘‘मालक, ह्याला आंघोळ नको, वारा पायजे.’’

मग त्यांनी ट्रॅक्टर बंद ठेवून, फ्लायव्हील हातानं हळूहळू फिरवत मला गाठ कशी पडते ते दाखवलं. इतकी वर्षं यंत्र चालवून मी ते नीट पाहिलंच नव्हतं. सुया खालून सुतळी वर आणतात, चकती ती पकडते. मग पक्ष्याच्या चोचीसारखा एक आकडा स्वतःभोवती गिरकी घेतो, सुतळीचा फास अंगावर चढवतो, तोंड उघडून तिची टोकं धरतो. पातं सुतळी कापतं आणि फास चोचीवरून सरकून टोकांवर आवळला जातो. हे सगळं पाचट दाबणाऱ्या दट्ट्याच्या एका फेऱ्यात उरकतं. आमच्या चोचीवर गंजाचा पातळ थर होता. डोळ्यांना फारसा दिसत नव्हता, पण फास तिथून सुटायलाच तयार नव्हता. सुतळी ताणून तुटत होती. मिस्त्रींनी बारीक पॉलिश पेपरनं चोच घासली आणि तिच्यावरून कापसाचा बोळा फिरवला. तंतू अडकला की पुन्हा घासायचे. तिसऱ्या खेपेला बोळा अलगद निघून आला, तेव्हा कुठं त्यांनी चहा घेतला.

तेव्हापासून माझी सफाई रोज संध्याकाळी, शेतातच होते. सगळा भुसा वाऱ्यानं उडवायचा, वरून सुरुवात करून खाली यायचं. नॉटरवर दिवसातून तीन-चारदा ब्रश. पाचटाची धूळ नुसती धूळ नसते. पानाची कूस अंगाला खाजवते आणि वाड्याचा रस लागला की पत्र्यावर काळा, चिकट थर धरतो. तो खरवडूनच काढावा लागतो. 2021 च्या जुलैतल्या पुरात बुडालेल्या उसाच्या पानांवर तर गाळ वाळून बसला होता. त्या हंगामात दट्ट्याच्या पात्याची धार टिकतच नव्हती. ग्रीसगन लावण्याआधी निपल पुसायचं, हे मी तेव्हा शिकलो. नाहीतर ग्रीसबरोबर तोच गाळ बेअरिंगात आपण आपल्या हातानं भरतो.

शाफ्टवर गुंडाळलेलं पाचट सुरीनं कापून काढतो. ते घासून तापतं, आणि वाळलेल्या पाचटात तापलेलं बेअरिंग म्हणजे पेटती काडीच. ट्रॅक्टरवर पाण्याचे दोन कॅन असतात, ते पिण्याचे नव्हेत.

हंगाम संपला की खाना पूर्ण रिकामा करायचा, घासून चकाकणाऱ्या पत्र्याला आणि चोचीला तेलाचा हात द्यायचा, आणि सुतळीचे गुंडे काढून घरात ठेवायचे. गोठ्यात ठेवले तर उंदरांचं फावतं.

फ्लायव्हीलचा शिअर बोल्ट सारखा तुटतो म्हणून मी एकदा त्याजागी कडक बोल्ट बसवला होता. बोल्ट तुटला नाही, सुई तुटली. बोल्ट तुटण्यासाठीच असतो, हे मिस्त्रींनी सांगितलं तेव्हा त्यांच्या हातात सुईचं बिल होतं.

आणि एक गोष्ट घरात अजून कुणी फारशी काढत नाही. माझा चुलतभाऊ पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरचा बेलर फिरवणारा दांडा, बंद करून खाली उतरला आणि तुंबलेलं पाचट ओढायला वाकला. पीटीओ बंद झाला होता, फ्लायव्हील मात्र फिरत होतं. आतल्या दट्ट्यानं पाचट ओढलं आणि पाचटाबरोबर त्याच्या सदऱ्याची बाही. जुना सदरा होता, खांद्यापासून फाटला, म्हणून हात राहिला.

तेव्हा तुमच्याकडं बेलर असेल, तर साफ करायला हात घालण्याआधी ट्रॅक्टर बंद करा, चावी काढून स्वतःच्या खिशात टाका आणि फ्लायव्हील थांबलेलं डोळ्यांनी बघा.