219 सामने, शून्य गोल

डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेच्या बेकी सावरब्रनने फुटबॉलमधून निवृत्ती घेतली. वय 39. देशाकडून 219 सामने. दोन विश्वचषक, ऑलिंपिकचं एक सुवर्ण आणि एक कांस्य. आणि गोल? शून्य. अमेरिकेच्या महिला संघाकडून एकही गोल न करता इतके सामने आजवर कुणीच खेळलेलं नाही.

बेकी आपल्यात आहे. थांबली आहे ती तिची कारकीर्द. तरीही हा श्रद्धांजलीचा लेख आहे. या शब्दाच्या फोडीत मृत्यू कुठेच येत नाही. श्रद्धा येते आणि ओंजळ येते. सतरा वर्षं निष्ठेने केलेलं काम संपलं की त्यासाठी ओंजळ जोडायला हवी, आणि ते काम फारसं कुणाच्या डोळ्यांत भरत नसेल तर नक्कीच.

आपल्या खो-खोच्या बातम्यांत एक फार न्याय्य रीत आहे. किती गडी बाद केले हे जसं छापलं जातं, तसंच कोण किती वेळ टिकलं हेही छापलं जातं. अमुक खेळाडूने 2 मिनिटं 40 सेकंद संरक्षण केलं, असं वाक्य वाचल्यावर मैदान न पाहिलेल्या माणसालाही तिची दमछाक कळते. फुटबॉलला ही रीत नाही. तिथे गोल करणारीचं नाव मिनिटासह लागतं, गोल अडवणारीचं कुठेच लागत नाही. बेकीसारख्या बचावपटूचं यश म्हणजे न घडलेली गोष्ट, आणि न घडलेल्या गोष्टीची बातमी होत नाही.

बेकी सेंट लुईसची, जन्म 1985 चा. जानेवारी 2008 मध्ये चीनमधल्या स्पर्धेत कॅनडाविरुद्ध ती पहिल्यांदा देशाकडून उतरली आणि त्याच सामन्यात तिचं नाक मोडलं. त्यानंतर राष्ट्रीय संघात पाय रोवायला तिला 2010 उजाडावं लागलं. 2011 च्या विश्वचषकात ती राखीव खेळाडूंत होती. उपांत्यपूर्व सामन्यात रेचल ब्यूलरला लाल कार्ड मिळालं आणि फ्रान्सविरुद्धच्या उपांत्य सामन्यात तिची जागा बेकीला मिळाली. अमेरिका 3-1 ने जिंकली. अंतिम सामन्यात ती पुन्हा बाकावर बसली. बोलावलं की तयार असायचं आणि काम झालं की बाजूला व्हायचं, हा तिचा स्वभाव तेव्हाच दिसला होता.

त्या काळात तिच्या पायाखालची जमीनसुद्धा पक्की नव्हती. तिचा वॉशिंग्टन फ्रीडम संघ 2011 मध्ये नाव बदलून फ्लोरिडात गेला आणि वर्षभरात संपला. 2012 मध्ये तो ज्या लीगमध्ये खेळायचा ती लीगच बंद पडली. 2013 मध्ये नवी लीग सुरू झाली, तेव्हा तिथला किमान पगार होता अख्ख्या हंगामाला 6,000 डॉलर. बेकी एफसी कॅन्सस सिटीकडून खेळली. 2014 आणि 2015 अशी लागोपाठ दोन वर्षं हा संघ विजेता ठरला. 2013, 2014 आणि 2015 या तिन्ही वर्षी लीगची सर्वोत्तम बचावपटू बेकीच होती. 2017 मध्ये तो विजेता संघही मिटला. मग ती युटा रॉयल्सकडे गेली, 2019 मध्ये चौथ्यांदा तोच मान मिळवला, आणि 2020 च्या अखेरीस युटाही बंद पडला. तिच्या जुन्या क्लबांची यादी वाचताना गाव उठून गेल्यावर उरलेल्या जोत्यांवरून फिरल्यासारखं वाटतं. अशा पडझडीत ती टिकून राहिली, हे मला तिच्या पदकांपेक्षा कमी मोलाचं वाटत नाही.

2015 चा विश्वचषक कॅनडात झाला. पहिल्याच सामन्यात ऑस्ट्रेलियाने 27 व्या मिनिटाला अमेरिकेवर गोल केला. त्यानंतर स्वीडन, नायजेरिया, कोलंबिया, चीन, जर्मनी असे पाच सामने आले आणि गेले, एकही गोल बसला नाही. अंतिम सामन्यात जपानने जाळं हलवलं, तेही 27 व्या मिनिटाला. मधली मिनिटं मोजली तर होतात 540. बेकी त्या स्पर्धेत प्रत्येक मिनिट मैदानावर होती. शेजारी ज्युली जॉन्स्टन, मागे गोलरक्षक होप सोलो. अंतिम सामना 5-2 असा संपला. कार्ली लॉईडचे तीन गोल जगाला पाठ झाले, आणि ते योग्यच आहे. पण खो-खोच्या वहीत त्या स्पर्धेची नोंद झाली असती, तर पहिल्या ओळीत लिहिलं गेलं असतं: संरक्षण, 540 मिनिटं.

बचावपटूची चूक मात्र सगळ्यांना दिसते. 2 जुलै 2019, ल्यों. विश्वचषकाची उपांत्य फेरी, अमेरिका 2, इंग्लंड 1. जेमतेम दहा मिनिटं उरलेली. गोलसमोर आलेला चेंडू इंग्लंडची एलेन व्हाइट नुसता आत ढकलणार, इतक्यात मागून धावत आलेल्या बेकीच्या पायाचा तिच्या पायाला निसटता स्पर्श होतो. व्हाइटचा नेम चुकतो. खेळ थोडा वेळ तसाच चालू राहतो. मग पंच पडद्यापाशी जाऊन दृश्य पुन्हा बघतात आणि पेनल्टीचा इशारा करतात. स्टेफ हाउटनचा फटका जमिनीलगत येतो, गोलरक्षक अलिसा नेयर उजवीकडे झेप घेते आणि चेंडू छातीशी कवटाळते. बेकीच्या चुकीवर नेयरने पांघरूण घातलं. एरवी बेकी इतरांच्या चुकांवर असंच पांघरूण घालत आली होती. पाच दिवसांनी अंतिम सामन्यात टक्कर होऊन तिच्या डोक्यातून रक्त आलं. पट्टी बांधून ती पुन्हा आपल्या जागी उभी राहिली. अमेरिका 2-0 ने जिंकली. मराठी कानाला तिच्या आडनावात ‘सावर’ ऐकू येतं. ती आज्ञा तिने आयुष्यभर पाळली.

मैदानाबाहेरही तिने बचावाचंच काम केलं. मार्च 2016 मध्ये समान वेतनासाठी पाच खेळाडूंनी अमेरिकेच्या रोजगार आयोगाकडे तक्रार केली, त्यांत ती होती. 8 मार्च 2019 रोजी, महिला दिनी, 28 खेळाडूंनी आपल्याच महासंघावर खटला भरला. फेब्रुवारी 2022 मध्ये 2 कोटी 40 लाख डॉलरवर तडजोड झाली, आणि मे महिन्यात पुरुष आणि महिला संघांना समान मोबदला देणारा करार झाला. त्या वेळी खेळाडूंच्या संघटनेची अध्यक्ष होती बेकी. या कराराचं फळ प्रामुख्याने तिच्यामागून येणाऱ्या मुली चाखणार आहेत.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लीगमधल्या प्रशिक्षकांनी खेळाडूंचा केलेला छळ आणि लैंगिक शोषण चौकशी अहवालातून जगापुढे आलं. अहवालात बोट रोखलेल्या क्लबांत पोर्टलंड थॉर्न्सही होता, तिचा स्वतःचा क्लब. बेकीने पत्रकारांसमोर स्पष्ट सांगितलं की ज्या मालकांनी आणि अधिकाऱ्यांनी खेळाडूंचं रक्षण करण्यात वारंवार कसूर केली, त्यांनी जायला हवं. यात तुमचे मालकही आले का, असा प्रश्न आला, तेव्हाही तिने कुणाला वगळलं नाही. ज्याच्या हातून पगार घ्यायचा त्याच्याबद्दल असं बोलायला किती बळ लागतं, हे नोकरी करणाऱ्या कुणालाही वेगळं सांगायला नको. त्याच महिन्याच्या शेवटी ती त्याच क्लबकडून मैदानात उतरली आणि लीगचा करंडक जिंकून परतली.

शेवट मात्र मनासारखा झाला नाही. पायाच्या दुखापतीने 2023 चा विश्वचषक हुकला. ती नसलेला अमेरिकेचा संघ अंतिम सोळा संघांच्या फेरीत, स्वीडनविरुद्ध पेनल्टींवर बाहेर पडला. पुढच्या वर्षी तिने बूट उतरवले.

आता मुलींचे फुटबॉल संघ आपल्याकडेही उभे राहत आहेत. त्यांचे सामने बघायला जाल तेव्हा एक करा. गोल झाला की सगळ्यांच्या नजरा ज्या घोळक्याकडे वळतात, त्याच्या दुसऱ्या टोकाला पाहा. तिथे एक मुलगी श्वास घेत, पुढच्या हल्ल्याची वाट बघत उभी असेल. सामना संपल्यावर तिचं नाव विचारा. आणि तुम्ही बातमी लिहिणारे असाल, तर गोलांच्या ओळीखाली तिच्या नावापुढे तिने राखलेली मिनिटंही छापा.