मीठबंदराहून मिठाच्या खोलीपर्यंत



कधी ठाण्याला जाणे झाले तर स्टेशनच्या पूर्वेला उतरा. तीच कोपरी. मीठबंदर रस्त्याने खाडीच्या अंगाला चालू लागा. नावच सांगते की हे मिठाचे बंदर. भरतीचे पाणी वाफ्यांत घ्यायचे, उन्हात आटवायचे आणि मीठ ओढायचे, हा या खाडीकाठचा जुना धंदा. आता इमारती झाल्या, पण खाडी तिथेच आहे.

त्या काठावर मला एक दूरचे मिठागर आठवते, निसर्गाने केलेले. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी समुद्र आटला आणि मिठाचे जाड थर मागे राहिले. कार्ल्सबाड गावाजवळ सुमारे ६५५ मीटर खोल, त्या मिठात खोल्या कोरल्या आहेत. अण्वस्त्रे बनवताना उरलेला किरणोत्सारी कचरा १९९९ पासून तिथे ठेवतात.

मीठच का? वरच्या ओझ्याने मिठाचा खडक हळूहळू सरकतो आणि भेगा बुजवतो. छत खाली येते, जमीन वर येते, वर्षाला काही इंच. अखेर कचरा मिठातच गाडला जावा, हा हेतू. पण आत माणसे राबतात तोवर छत कोसळता कामा नये. म्हणून छतात व जमिनीत समोरासमोर खुंट्या बसवून त्यांतले अंतर ठरल्या वेळी मोजतात. अंतर घटण्याची चाल एकाएकी वाढली, की छताला बोल्ट मारतात किंवा ती जागा बंद करतात.

जर्मनीत आसे येथील जुन्या मिठाच्या खाणीत १९६७ ते १९७८ या काळात कचऱ्याची सुमारे सव्वा लाख पिंपे ठेवली. पोकळ्यांमुळे भोवतालचा खडक हलला, १९८८ पासून पाणी आत शिरते आहे. आता ती पिंपे बाहेर काढायचे ठरले आहे.

हे आपल्या कामाचे कसे? नोकरीच्या काळात एका विहिरीचे बांधकाम ढासळलेले मी पाहिले. नशिबाने आत कोणी नव्हते. घरधनी म्हणाले, "तडा जुनाच होता, साहेब." जुना खराच, पण तो वाढतो आहे का, हे कोणी मोजलेच नव्हते.

तुमच्या विहिरीला तडा असेल तर त्याच्या दोन्ही अंगांना खिळा ठोका. अंतर मोजा, तारखेसह वहीत लिहा. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर पुन्हा मोजा. अंतर वाढले असेल तर गाळ काढायला माणूस उतरवू नका, आधी जाणत्या गवंड्याला दाखवा.